तीन सोमवार न काढलेला गॅस

मी, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला सहाय्यक, सगळे मला काका म्हणतात, वय ५७ वर्षे, नोकरीला एकतीस वर्षे, राहणार संस्थेच्या मागच्या वसाहतीत, कोणी न बोलावता ठाण्यात येऊन सांगतो की,

आमच्याकडे बोरॉन आणि नायट्रोजनचे अणू एकाआड एक जोडलेल्या कड्यांवर काम चालतं. त्यातलं बोराझीन दिसायला पाण्यासारखं. त्याला बेंझीनचा भाऊ म्हणतात, पण स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. बेंझीन वर्षानुवर्षं बाटलीत गप्प बसतं. हे फ्रीजरमध्येसुद्धा हळूहळू हायड्रोजन सोडतं आणि बंद बाटलीत दाब वाढत जातो. म्हणून दर सोमवारी बाटली द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायची, पंपाला जोडून साठलेला गॅस काढायचा आणि वहीत सही करायची. हे काम माझं.

माझी खोड अशी की आधी सही, मग काम. गेले तीन सोमवार सकाळीच सही केली. नायट्रोजनची टाकी वेळेत आली नाही. म्हटलं, एका आठवड्यानं काय आभाळ कोसळतंय! असं तीनदा म्हटलं.

काल सकाळी सव्वादहाला आमच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी मुलगी आली. तिने वही बघितली, "काकांची सही आहे म्हणजे झालं," म्हणाली आणि फ्रीजर उघडून बाटली बाहेर काढली. संरक्षक चष्मा तिच्या कपाळावर होता. बाटली हातातच फुटली. मी चार पावलांवर नळ्या धूत होतो.

दवाखान्यात तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. उजव्याचं आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिने मला विचारलं, "काका, सोमवारी गॅस काढला होता ना?" मी "हो गं पोरी" म्हणालो. साहेब, लाज वाटते, पण म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "मग माझ्याकडूनच ओल राहिली असणार. पाणी लागलं की कडं मोडतं, हायड्रोजन सुटतो." तोच जबाब तिने आपल्याकडे दिला, आणि त्यावरून संस्थेने तिचं काम बंद करण्याचं पत्र काढलं आहे.

तिचं बोराझीन खडखडीत कोरडं होतं. चार वर्षं तिचं काम बघतोय, इतका स्वच्छ हात दुसऱ्या कोणाचा नाही. चूक सर्वस्वी माझी आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. तिला सध्या वाचता येत नाही. तिलाही वाचून दाखवावा. मी समोर उभा राहतो.