बिनफोडणीची आमटी

सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात हेमा नंबराची वाट पाहत होती. डॉक्टरांच्या खोलीतून एक आजोबा बाहेर आले आणि तिच्या शेजारी बसलेल्या आपल्या बायकोजवळ जाऊन बसले.

"अहो, काय म्हणाले?"

"लहान आतड्यात गाठ आहे. कॅन्सरची."

"दोनदा दुर्बीण घातली, तेव्हा नाही दिसली ती?"

"दुर्बीण वरून जठराच्या जरा पुढं जाते, खालून मोठ्या आतड्यापर्यंत. मधलं पंधरा-वीस फूट दिसतच नाही."

"म्हणजे वर्षभर पोट दुखत होतं ते..."

"त्यानंच."

"माझ्या फोडणीनं नव्हे?"

"ऑपरेशन सोमवारी आहे."

"वर्षभर बिनफोडणीची आमटी केली मी. तुम्ही म्हणालात म्हणून."

"ऐकलं."

"सोमवारी डॉक्टरांशी बोलायला मीही येणार आत, आजच्यासारखी बाहेर नाही बसणार."

"ये. आणि आज आमटीला फोडणी घाल. हिंग जरा सढळ हातानं."