असाध्य टकटक

‘इंजिन आतून तपासले असता त्यातील टकटक वार्धक्यजन्य व असाध्य आढळली, सबब वाहन आजच भंगारात काढावे.’ हा अहवाल आजींनी वाहन-तपासणीच्या खिडकीत, तो लिहिणाऱ्या साहेबांनाच, एकही शब्द न गाळता वाचून दाखवला. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका प्राध्यापकांनी ‘असाध्य’ ऐकताच हातातले पुस्तक मिटले.

“साहेब, गाडी माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी आहे. वार्धक्य कुणाला म्हणता?”

“आवाज येत होता, आजी.”

“व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटची फट वाढली होती. सूनबाईने सकाळी गार इंजिनात मापाची पत्ती घालून आठही फटी नीट बसवल्या. सूनबाई, चालू कर गं.”

बाहेर गाडी सुरू झाली आणि समाधानाने गुणगुणू लागली.

“बारीक टिकटिक अजून येतेय की.”

“यायलाच हवी. फट ठेवलीच नाही तर व्हॉल्व्ह जळतो. तुम्ही आतून पाहिलंत ना? बॉनेटखाली इंजिनावरचं झाकण कुठल्या रंगाचं होतं?”

“काळं असावं.”

“लालभडक आहे. आमच्या ह्यांनी रंगवलंय.”

रांग खुदखुदली. प्राध्यापकांनी खिशातले पेन काढून अदबीने खिडकीत सरकवले.

“‘असाध्य’ खोडायला लागेल, साहेब.”

“मग बॉनेट तरी उघडलंत का?” आजींनी विचारले.

“खरं सांगू, आजी? ते कुठून उघडतं, तेच मला सापडलं नाही.”