शिडी मी धरली होती

...नाही हो, मला सांगा, डॉक्टरीणबाईंना काय गरज होती आईसमोर विचारायची, "भावाचा खांदा पहिल्यांदा निखळला तेव्हा शिडी कोणी धरली होती?" अहो, ऑपरेशन खांद्याचं आहे, शिडीचं नाही! मी म्हटलं, मीच. मी धरली होती शिडी. धरली होतीच!

तुम्हाला सांगतो, आम्ही दोघे भाऊ रंगारी. छतं धाकट्याची, भिंती माझ्या, कारण स्टुलावर चढलो तरी मला गरगरतं. तीन वर्षांपूर्वी धाकटा शिडीवरून घसरला, घसरता घसरता खिडकीचा गज पकडला, हात राहिला वर, बाकीचा भाऊ खाली, आणि खांदा निखळला! तेव्हापासून आई आल्यागेल्याला सांगते, "थोरल्यानं शिडी धरली होती म्हणून वाचला हो माझा पोरगा!" आणि थोरला काय करतो? मान खाली घालून चहा पितो. आता धरली होती म्हणजे... एका हातानं धरली होती. दुसऱ्यात ब्रश होता ना!

पण तो खांदा काही ऐकेना. शर्ट घालताना निखळला. शिंकताना निखळला. बसला हात केला... बस थांबली, खांदा नाही थांबला! सातव्यांदा तर बिचाऱ्यानं नुसता आळस दिला. दर वेळी हा पांढराफटक, "दादाऽऽ!" करून ओरडतोय आणि मी धावतोय. दोनदा तर मीच ओढून बसवला, बघून बघून शिकलो होतो. बाईंनी असं झापलं म्हणता! "नस तुटली असती म्हणजे? भाऊ आहात की वैरी?"

मग समजावून सांगितलं, "खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेला चेंडू. बशीची पुढची कड झिजलीय. नुसते टाके घालून भागायचं नाही, शेजारच्या हाडाचं टोक कापून तिथं दोन स्क्रूंनी बसवायचं." मी म्हटलं, कळलं, पुट्टीचं काम नाही, गिलावाच नवा करायचा! सगळे हसले. धाकटा नाही हसला. त्यानं एवढंच विचारलं, "बाई, छत रंगवता येईल ना?" बाई म्हणाल्या, "सहा आठवडे हात झोळीत, मग व्यायाम, सहा महिन्यांनी बघू." बघू! त्याला दुसरं येतं काय? आणि आई माझ्याच पाठीवरून हात फिरवतेय, "तू होतास म्हणून..."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? शिडी मी धरली होती... आणि सोडली होती. भिंतीला रंगाचा दुसरा हात मारून झाला होता, कसा दिसतो बघायला चार पावलं मागे गेलो. सगळे रंगारी जातात हो! पण सगळ्यांचा भाऊ शिडीवर नसतो.

ऑपरेशन झालं, धाकट्यानं डोळे उघडले, आणि मी एका दमात सगळं ओकून टाकलं. रडलोही. लाज कसली! तर हा पठ्ठ्या म्हणतो, "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? कसं?"

"दादा, मी वर होतो. वरून दिसतं. चांगला डोळे बारीक करून भिंत बघत होतास."

"अरे, मग तीन वर्षं तोंड शिवलं होतंस का?"

"आई तुझं कौतुक करत होती. म्हटलं, होऊ दे. तुझं कुठं रोज होतं?"

सांगा, यापेक्षा कानाखाली मारली असती तर परवडलं नसतं? आता त्याचा हात झोळीत आणि मी हाताखाली. दात घासून देतो, बटणं लावतो, डोक्यावर पाणी घालतो. आई बघते आणि डोळे पुसते, "थोरला म्हणून किती करतो!" आणि आज सकाळी, तिच्यादेखत, मी त्याच्या पायजम्याची नाडी बांधत होतो, तर हा गालात हसत म्हणतो कसा, "दादा, नीट धर हं. आणि गाठ बसेपर्यंत भिंतीकडे बघू नकोस."