खांद्यात कमी पडलेलं कापड

आत्या: फिर जरा, पाठ बघू दे. हं, शिवण सरळ आहे. पण एकही बटण नाही! जन्मभर या दुकानात काजं-बटणं केली, आणि भाचीच्याच कपड्याला माझा हात नाही.

लेक: वर बटण तुटलं ना आत्या, तर ते खाली पडत नाही. तरंगत जातं आणि कुणाच्या नाकात नाहीतर यंत्रात शिरतं. आमच्या अंतराळ सेनेत बटणाला बंदीच आहे.

बाबा: ताई, तिला सारखी हलवू नकोस. कॉलर बघितलीस का? अशी कॉलर सेनापतीच्या कोटालाही नसेल.

लेक: सरावाच्या गणवेशाला कॉलर कशाला हवी होती, बाबा?

बाबा: म्हणजे? माझी लेक चंद्रावरच्या तळावर जाणार, ती काय बनियनवर जाणार? उद्या चाचणीला त्या फिरत्या चाकात बसशील तेव्हा निवड समितीला कळू दे, हा कुणाच्या हातचा कपडा आहे ते. कसा बसलाय?

लेक: छान बसलाय.

आत्या: हात वर कर.

लेक: कशाला? छान आहे म्हटलं ना.

आत्या: मग करायला काय जातंय? घातल्यापासून खांबासारखी उभी आहेस.

बाबा: कर गं, म्हणजे हिचं तोंड तरी बंद होईल.

आत्या: बघ, बघ. कानापर्यंतसुद्धा जात नाही. श्वास तरी घेता येतोय का?

लेक: येतोय... थोडा थोडा.

बाबा: कापड आटलं असणार. सेनेने पाठवलेलं हे नवीन कापड, घाम ओढून घेतं म्हणे. मला पहिल्यापासून त्यात काही राम वाटला नाही.

आत्या: नाचता येईना, अंगण वाकडं! माप कधी घेतलं होतंस?

बाबा: घरच्या माणसाला टेप लावायची नाही, हा आपल्या वडिलांपासूनचा रिवाज आहे. लेकीचं माप मला तोंडपाठ आहे.

आत्या: तोंडपाठ आहे ते ती सेनेत जायच्या आधीचं. तिथे पोरगी रोज दोर चढते, ओझी उचलते. अंग काय तुझ्या आठवणीत होतं तसंच राहणार आहे?

बाबा: तू का नाही बोललीस गं?

लेक: तुम्ही इतके खूश होतात. म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, दम धरून काढेन.

बाबा: चाकात? तिथे अंग चौपट जड होतं असं तूच सांगितलंस ना? हात वर करून दांडी धरायची, आणि वर श्वास कोंडलेला! चक्कर येऊन पडली असतीस म्हणजे? नावच कटलं असतं. माझ्या हौसेपायी!

लेक: पण तयार गणवेश मिळतो तो मुलांच्या मापाचा असतो, बाबा. आम्हा मुलींना कमरेत पोतं आणि पायात लोळतो. मीच समितीपुढे उभी राहून म्हणाले, माझे वडील शिवून देतील, बघा तरी. मग कोणत्या तोंडाने सांगू, की बसत नाही म्हणून?

बाबा: ताई, टेप आण.

आत्या: आणि रिवाज?

बाबा: आज वडील असते तर त्यांनीच माझा कान पिरगाळला असता. आण लवकर. हं, सरळ उभी राहा. हात सैल सोड. ताई, लिही... नको, थांब. पुन्हा घेतो.

आत्या: काय झालं?

बाबा: अगं, हिचे खांदे माझ्यापेक्षा रुंद आहेत.

आत्या: तुझे कधी रुंद होते रे? मशीनवर वाकून वाकून हँगर झालाय तुझा.

बाबा: थट्टा राहू दे. तू हात लावून बघ. याच पोरीला मी खांद्यावर बसवून शाळेत नेत होतो ना? काय कमावलंय बघ! शाब्बास गं माझ्या वाघिणी.

लेक: बाबा, संध्याकाळी मला न्यायला गाडी येतेय.

बाबा: येऊ दे. दोन्ही बगलांत जास्तीच्या तुकड्याची कळी जोडतो, म्हणजे हात मोकळा होईल. फक्त त्यांनी कापड मोजून दिलं होतं, चिंधीसुद्धा उरली नाही.

आत्या: उरेल कशी? सगळं कॉलरीत घातलंस. तीही दुहेरी!

बाबा: कात्री दे.

लेक: नको ना बाबा. आठवडाभर तिच्यामागे होतात तुम्ही.

बाबा: कॉलरीचं काय घेऊन बसलीस? मान ताठ असली की झालं. ताई, मी उसवतो, तू कळी टाच. काम नाही म्हणून कुरकुरत होतीस ना?

(दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानातल्या फोनवर.)

लेक: बाबा, झालं एकदाचं!

बाबा: कुठे उसवला का?

लेक: एक टाका हलला नाही. वर, मागे, सगळीकडे हात मोकळा. समितीच्या बाईंनी कळी उलटून पाहिली. म्हणाल्या, मुलींचे सगळे गणवेश याच बेताने शिवायचे, आणि तुमच्याच दुकानात.

आत्या: काय म्हणते? मलाही ऐकू दे की!

बाबा: ते राहू दे. तुला चक्कर नाही ना आली?

लेक: नाही. बाबा, मी सगळ्यांत जास्त वेळ टिकले, मुलांपेक्षाही. पहिल्या यानात माझं नाव लागलंय.

बाबा: ...ताई, धर जरा हा फोन. गिऱ्हाईक आलंय.

आत्या: कुठलं गिऱ्हाईक? दुकानात चिटपाखरू नाही! हॅलो, काय सांगितलंस गं याला?

लेक: यानात नाव लागलं म्हणून सांगितलं. रडतायत का?

आत्या: छे. भिंतीकडे तोंड करून एकटाच हसतोय. मी याची सख्खी मोठी बहीण, पण असा हसताना कधी पाहिला नाही.

लेक: दे ना त्यांच्याकडे फोन.

आत्या: थांब गं. हसून घेऊ दे त्याला.