फिक्या पायांचा आणि काळ्या पायांचा

…नाही, पण तुम्हीच मला सांगा, पाहुणे घरात आलेत, पोह्यांच्या बश्या मांडायच्यात, आणि जेवणाच्या टेबलावर काय पसरलेलं असावं, तर भुंगेऱ्याच्या नराचा तो… तो अवयव, दोनशे पटीनं मोठा करून कागदावर छापलेला. आणि एक नाही, सव्वीस. सव्वीस नरांचे सव्वीस कागद, ओळीनं, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं मापं. माझ्या ऑफिसातला प्रबोध, पहिल्यांदाच घरी आलेला, त्यानं त्यातला एक कागद उचलला, चष्मा वर केला आणि अगदी मन लावून मला विचारलं, की हा कुठल्या प्लांटचा व्हॉल्व्ह रे? आता मी काय सांगणार? मी आपला जुरोंग आयलंडवर केमिकल प्लांटचे पाइप बघतो, माझा किड्यांशी काही संबंध नाही. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती, मधुवंतीबाई, कोथिंबीर घेऊन बाहेर आल्या आणि तो कशाचा व्हॉल्व्ह आहे ते त्यांनी चहा ओतता ओतता, शांतपणे, नीट समजावून सांगितलं. प्रबोधनं कागद खाली ठेवला. हात धुऊन आला. पोहे खाल्ले त्यानं, नाही असं नाही, पण कंपनीच्या बसमध्ये पुढे दोन आठवडे तो माझ्याशेजारी बसला नाही.

तर हे सगळं कशामुळं, तुम्हाला सांगतो. मधुवंती पुण्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. माझी इथं सिंगापूरला बदली झाली, आंग मो किओत फ्लॅट घेतला, आणि बाई दोन वर्षं दहाव्या मजल्यावरून खाली बघत बसल्या. मग विद्यापीठाच्या संग्रहालयात आधी नुसतीच मदतीला, मग नोकरीला लागल्या, आणि दोन हजार तेरा साली तिच्या हातात आला हा ऑस्ट्रेलियाचा चेकर्ड बीटल. म्हणजे भुंगेराच, बोटाच्या पेराएवढा, अंगावर बारीक लव, आणि पाठीवर चेक्सच्या शर्टासारख्या चौकड्या. दिसायला छान आहे हो, मी नाही कुठं म्हणतोय? तिकडच्या संग्रहालयांनी टाचण्या टोचलेले एकशे त्रेचाळीस भुंगेरे खोक्यांत घालून पाठवले. खोकी तिच्या लॅबमध्येच राहायची, पण फोटो आणि मापं रोज घरी.

कामाचं नाव काय, तर रिव्हिजन. त्यात आमची जाई त्या वर्षी सहावीत, पीएसएलईची, म्हणजे इथली प्राथमिक शाळा संपतानाची मोठी परीक्षा तोंडावर. घरात दोन रिव्हिजनी. खालच्या मजल्यावरच्या मिसेस टॅन लिफ्टमध्ये भेटल्या की विचारायच्या, रिव्हिजन कशी चाललीय? मी सांगायचो, आईची बरी चाललीय, मुलीची सुरूच नाही. त्यांना वाटायचं मी विनोद करतोय.

तर आईची रिव्हिजन अशी, की पुस्तकात या भुंगेऱ्याच्या दोन प्रजाती. एक फिक्या पायांची, सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात कोणीतरी नाव दिलेली. दुसरी काळ्या पायांची, एकोणीसशे एकाहत्तर साली केनेथ ब्रॅडॉक नावाच्या ऑस्ट्रेलियन शाळामास्तरानं शोधलेली. आणि मधुवंतीचं म्हणणं, की दोन नाहीतच, एकच आहे. मी म्हटलं, अगं पण पाय वेगळे दिसतायत की. तर म्हणाली, "तुझे पाय मोजे घालून घालून घोट्याखाली गोरे आहेत, म्हणून तू दोन माणसं का?" यावर तुम्ही काय बोलाल?  मी पाइप बघतो.

एकशे त्रेचाळीस किडे तिनं एकेक करून बघितले. फिके, काळे, आणि मधले सगळे, तपकिरी, चहासारखे, चहात जास्त दूध पडल्यासारखे. आतला तो व्हॉल्व्ह सगळ्या नरांचा सारखा. म्हणजे प्रजाती एक. आणि नियम असा, की दोन नावांतलं आधीचं नाव राहतं आणि नंतरचं जातं. झालं की मग, लिहून टाक, म्हटलं. पण ही लिहीना. आठ दिवस झाले, पंधरा झाले, भाजीत मीठ नाही, वरणात दोनदा मीठ. शेवटी एका रविवारी तिनं सांगितलं. ते जाणारं नाव होतं विनिफ्रेडाए. विनिफ्रेड म्हणजे ब्रॅडॉकची बायको. त्यानं तिचं नाव त्या भुंगेऱ्याला दिलेलं, आणि ती चार वर्षांपूर्वी वारलेली. म्हातारा ब्याऐंशी वर्षांचा. भुंगेरे मागवताना मधुवंतीची त्याच्याशी मेलवर ओळख झालेली, आणि माणूस इतका भला, की हिच्या एका प्रश्नाला तीन पानी उत्तर पाठवायचा, खाली लिहायचा, विन असती तर तिला तुझा प्रश्न आवडला असता.

आता इथं माझं चुकलं, मी कबूल करतो. मी म्हटलं, मग राहू दे की. दोनचे एक झाले नाहीत तर जगाचं काय अडतंय? म्हाताऱ्याचं होऊ दे सगळं, मग छाप. तिनं माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, दमल्यासारखं. म्हणाली, "शैलेंद्र, मग ते खोटं मला रोज माहीत असेल." आणि शिवाय तिची आणखी एक अडचण होती, ती मला तेव्हा कळली नव्हती. त्या जुन्या भुंगेऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर नुसतं जिल्ह्याचं नाव. फिके आणि काळे एकाच झाडावर, एकाच वेळी कोणी बघितलेत का, याचा कागदोपत्री पुरावा नाही. पेपर तपासणारे तेच विचारणार. आणि ते सांगू शकेल असा जिवंत माणूस एकच, ज्याला विचारायची हिची छाती होत नव्हती.

आणि तोच निघाला आमच्याकडे. लंडनला मुलीकडे चाललाय, म्हणाला, सिंगापूरला दिवसभर थांबतो, तुझं काम बघायचंय. मधुवंतीनं चार दिवस लॅपटॉप सोडला नाही. तो यायच्या आदल्या दुपारी मला म्हणाली, त्यांना नावाचं सांगणारी मेल लिहून झाली एकदाची. मी म्हटलं, सुटलो. आता तुम्ही सांगा, मेल लिहून झाली म्हणजे सामान्य माणूस काय समजतो? मेल गेली असं समजतो की नाही? ती ड्राफ्टमध्ये होती. अकरा ड्राफ्ट होते, त्यातला हा अकरावा.

मी सुट्टी घेऊन चांगी विमानतळावर गेलो. ब्रॅडॉक आजोबा बाहेर आले, उंच, काटकुळे, उन्हाची टोपी, कानाला यंत्र, खांद्याला एक जुनी चामड्याची बॅग, जी त्यांनी मला उचलू दिली नाही. मधुवंती लॅबमध्ये तयारीत, म्हणून मी त्यांना आधी आमच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, नेलं. नारळाचा जॅम लावलेला काया टोस्ट आणि कोपी, म्हणजे इथली कॉफी. आजोबा खूश. टोस्टचा वास घेतला, इकडेतिकडे बघितलं, शेजारच्या टेबलावरच्या आजींना गुड मॉर्निंग म्हणाले. आणि मला वाटलं, एवढा मोठा घाव सोसून हा माणूस हसतोय, आपण दोन शब्द तरी बोलले पाहिजेत. म्हणून मी अगदी मनापासून म्हटलं, की तुमच्या पत्नीच्या नावाचं ऐकून फार वाईट वाटलं, पण विज्ञानापुढं इलाज नाही.

आजोबांनी कप बशीत ठेवला. कानातलं यंत्र जरा दाबलं. "कुठलं नाव?"

तुम्हाला सांगतो, तेवीस वर्षं मी पाइप बघतो, गळती कुठून सुरू झाली ते मला लगेच कळतं. पण झालेली बंद कशी करायची? मी सगळं सांगितलं. जेवढं मला कळलं होतं तेवढं, पाय, व्हॉल्व्ह, एकशे त्रेचाळीस, सगळं. त्यांनी एकच विचारलं, तिची खात्री आहे? मी म्हटलं, ती भाजीत मीठ विसरते, पण किडा विसरत नाही.  अर्धा टोस्ट तसाच राहिला. टॅक्सीत पूर्ण रस्ताभर त्यांनी ती बॅग मांडीवर धरून ठेवली आणि बाहेर बघत राहिले. मी मधुवंतीला मेसेज केला, मेल गेली नव्हती का? तिचं उत्तर आलं, "शैलेंद्र." बास, एवढंच. बायकोनं नुसतं पूर्ण नाव आणि पुढे टिंब लिहून पाठवलं, की पुढचं आपण वाचायचं असतं.

लॅबच्या दारात ती उभी, चेहरा पांढराफटक. मी नमस्कार-चमत्काराची तयारी करत होतो, पण आजोबा सरळ मायक्रोस्कोपपाशी गेले, टोपी काढून ठेवली आणि म्हणाले, दाखव. ती एकेक खोकं पुढं करत गेली, ते बघत गेले. अडीच तास.  मी कोपऱ्यात स्टुलावर. माझ्यासमोर भिंतीवर एका सुसरीची कवटी, आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. मला त्या अडीच तासांत जेवढं वाईट वाटलं तेवढं पुण्यात आमचा जुना फ्लॅट सोडतानासुद्धा वाटलं नव्हतं. मी मनात ठरवलं, यांना विमानात बसवीन, माफी मागीन, आणि पुन्हा आयुष्यात कोणाला सहानुभूती दाखवणार नाही.

मग आजोबांचे खांदे हलायला लागले. पाठमोरे होते. मी टिश्यूचा डबा घेऊन धावलो. बघतो तर म्हातारा हसत होता, डोळ्यांतून पाणी, पण हसत होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय, याला झालं काय? तर त्यांनी ती चामड्याची बॅग उघडली. आत विनिफ्रेडबाईंच्या टिपणवह्या. मुलीला द्यायला घेऊन निघाले होते. एकाहत्तर सालची वही काढली, पानं उलटली आणि मधुवंतीपुढं ठेवली. पेन्सिलीचं बारीक अक्षर. चौदा जानेवारी. फुललेला निलगिरी. फिक्या पायांचा नर आणि काळ्या पायांची मादी, एकाच फांदीवर, जोडीनं. दुपारभरात असे पाच जोड. के.ला दाखवले. के. ऐकत नाही.

'ऐकत नाही'खाली दोन रेघा.

के. म्हणजे केनेथ, म्हणजे हेच. तेव्हा चाळिशीचे. त्यांनी सांगितलं, विन मोटारीच्या टपावर उभी राहून जाळीनं झाड झोडपत होती आणि वरून ओरडून सांगत होती, की अरे, हे एकच आहेत. पण त्यांना स्वतःच्या नावावर एक तरी प्रजाती हवी होती. छापलीच. आणि हिनं वाद घालू नये म्हणून नाव तिचंच दिलं. तर ती म्हणाली, "केन, तू माझं नाव एका चुकीला दिलंस." अडतीस वर्षं म्हणत होती. कुठं पार्टीला गेलं की ओळख करून द्यायची, मी विनिफ्रेड, यांची चूक. शेवटच्या आजारपणातसुद्धा एकदा म्हणाली, आता तरी कबूल कर. "आणि मी केलं नाही," आजोबा म्हणाले. हसणं थांबलं होतं. मग त्यांनी वहीवर हात ठेवला आणि मधुवंतीला म्हणाले, "तू तिच्या बाजूनं साक्ष दिलीस. छाप हे. लवकर छाप, मला वाचायचंय."

मधुवंती जी रडायला लागली… टिश्यूचा डबा माझ्या हातात होताच, तो तिकडं वळवला. एक मी पण घेतला. एसी जास्त होता तिथं.

जाताना चांगीवर आजोबा मधुवंतीशी भुंगेऱ्यांवर बोलत होते, तेव्हा शाळेतून थेट तिथं आलेली जाई सगळं ऐकून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत माझ्या कानाशी म्हणाली, बाबा, एव्हरीबडी क्राइंग फॉर वन बीटल ला? मी म्हटलं, बीटलसाठी नाही गं. मग कशासाठी, तर मला तिला नीट सांगता येईना. मी पाइप बघतो.

पेपर पुढच्या वर्षी आला. पुराव्यात विनिफ्रेड ब्रॅडॉक यांची टिपणवही, तारखेसकट. आणि मला एक गोष्ट तेव्हा कळली, की गेलेलं नाव पुसून टाकत नाहीत. राहिलेल्या नावाखाली बारीक अक्षरात ते छापतात, विनिफ्रेडाए, कोणी दिलं, कधी दिलं, आणि आता ते कशात गेलं. पुढे कोणीही हा भुंगेरा उघडला की खालच्या ओळीत ती बाई भेटणारच. आजोबांनी ते पान मोठं करून स्वयंपाकघरात लावलंय म्हणे. मला वेगळी मेल पाठवली त्यांनी, की हॉकर सेंटरमध्ये तू बोलला नसतास तर ही बाई बाराव्या ड्राफ्टवर असती. ती मेल मी मधुवंतीला दाखवली. तिनं वाचली, म्हणाली, हं. एवढ्यावर मी समाधानी आहे. खरंच आहे.

तर मी एक धडा घेतला होता, की एक आणि दोन यातलं आपल्याला काही कळत नाही, बायको एक म्हणाली की एक. परवा घराला रंग द्यायचा म्हणून दुकानात गेलो, तिनं पांढऱ्याची दोन कार्डं माझ्यासमोर धरली. मी उजेडात नेऊन बघितली, चष्मा काढून बघितली, आणि पूर्ण विचार करून, धडा आठवून म्हटलं, एकच आहे. तर दुकानदारासमोर म्हणाली, डोळे तपासून घे, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मी म्हटलं, आहे. आता हॉलच्या चार भिंतींपैकी दोन एका पांढऱ्या आणि दोन दुसऱ्या पांढऱ्या आहेत, आणि कोणत्या दोन, ते मला कळावं म्हणून मी रंगाऱ्याला खुणा करायला सांगून ठेवलंय.