बाबांनी दाराखालची भोकं बुजवली तेव्हा

हे कोणाला सांगू नको, तलावावर तर मुळीच नको, असं बाबांनी मला बजावलं आहे. पण तुम्हाला सांगते.

आमच्या जुन्या गाडीच्या छताच्या जोडांमध्ये पाणी अडवायला भरलेला मसाला तडकला होता. पाऊस थेट आईच्या सीटवर यायचा. शेवटी आई म्हणाली, "आता एकदा जरी सीट ओली झाली, त गाडी भंगारात!"

बाबांचा गाडीवर फार जीव. अख्खी गाडी रंगवायची गरज नव्हती. त्यांनी तडकलेला मसाला खरवडला, गंज घासला, नवा मसाला भरला आणि तेवढ्याच रेघांवर ब्रशने पांढरा रंग फिरवला.

आईने पाइपने पाणी मारून पाहिलं. सीट कोरडी! पण दार उघडलं, तर आतून डबडब आवाज आला.

"हे काय वाजून राह्यलं?" आईने विचारलं.

बाबांनी दारांच्या तळाची भोकंही बुजवली होती. तलावात डोंगा चालवणारा माणूस, भोक दिसलं की बुजवणारच.

"अवो, काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथूनच निघते नं! आता सोडा दारात मासोळ्या," आई म्हणाली. तिने केसांतली पिन काढून भोक उकरलं. सगळं पाणी बाबांच्या पायांवर.

बाबा हळूच म्हणाले, "पण सीट कोरडी हाय नं?"

आई हसायलाच लागली. "हाय. राहू द्या गाडी."

परवा भर पावसात आई स्वतःहून सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, "चला, फिरवून आणा." बाबा इतके खूश झाले की घाईघाईत आपल्या बाजूची काच वर करायलाच विसरले, आणि या वेळी भिजली ती त्यांची सीट...

आई हाक मारतेय. आले गं, आई!