वाजायपुरती रेंज

...आन तुमी हितं दवाखान्याच्या बाकड्यावर बसून, पाय हालवत हालवत मोबाईलवर बोलता! तुमाला काय कळनार वो रेंज म्हंजी काय? आमच्या वेल्ह्याच्या डोंगरात अख्ख्या वाडीला एकच जागा, सोनबाच्या जांभळाची खालची फांदी! मोबाईल पिशवीत घालून टांगायचा, आन खाली बसून ऱ्हायाचं. त्यातबी बोलाया गेलं की "हॅ... मा..." खल्लास! वाजायपुरती रेंज, दुसरं काय!

तर माझी लेक शेफाली, पहिलटकरीण. म्हायेरी आननार हुते, तर डाक्टर म्हनले, "बाळ आडवं आहे, पुण्यातच राहू द्या." जावई, पप्पूराव, लई हुशार! म्हनले, "मामी, बोलनं काय हुनार न्हाई, आपन खूण ठरवू. एक मिसकॉल म्हंजी सुखरूप बाळंत, दोन म्हंजी अवघड हाय, निघून या." म्हनलं बरं. वाजायपुरती रेंज, दुसरं काय!

आज सकाळी वाजला की वो! एकदा! तुमाला सांगते, म्या त्या फांदीलाच हात जोडले, सोनबाची बायको साखर आनाया पळाली... आन ती साखर माझ्या तोंडात घालती न घालती तोच, पुन्यांदा वाजला! दोन! मालक म्हनले, "तू हो फुडं, म्या म्हशींचं बघतो. पोचलीस की कळीव!" फांदीवरनं फोन वढला, तशीच अनवानी जीपमदी बसले. मोबाईलात पैसं न्हाईत, म्हनून नसरापूरला बूथवरनं जावयांना लावला, तर ती फोनातली बाई, "हा फोन सध्या बंद आहे!" आगं बये, फोनचं मरू दे, माझी पोर कशी हाय ती सांग! सगळ्या वाटंनं ह्येच... बाळ आडवं, मिसकॉल दोन, बाळ आडवं, मिसकॉल दोन...

हितं येऊन बघते तर शेफाली चहा पितीया, कुशीत नात! म्हनलं, "आवं जावई, मग दुसरा मिसकॉल कशापायी?" तर म्हनतात कसे, "मामी, पयला तुमच्याकडं वाजला का न्हाई, मला कसं कळनार? म्हनून खात्रीला आनखी एक दिला!"

रडू का हसू, सांगा! वर म्हनतात, "मामांना कळवा की, हितं लई रेंज हाय!" हाय की, कांड्या गच्च भरल्यात! पर कळवू कशावर? वाडीत फोन एकच, आन त्यो ह्यो, माझ्या हातात! मालक बसलं आसतील तिकडं दोन मिसकॉल उराशी धरून... आता सकाळच्या एस्टीनं म्याच जाते सांगाया, दुसरं काय!